वऱ्हाडी व्हायला पुणं लागतं

वऱ्हाडात कुणीच वऱ्हाडी नसतं. अकोल्यात तुम्ही जठारपेठेतले असता किंवा जुन्या शहरातले. कुणबी, माळी, बौद्ध, मुसलमान, मारवाडी असता. अमुक शाळेचे असता, फार तर 'खेड्यावरचे' असता. 'वऱ्हाडी' हा शिक्का पुण्याच्या गाडीतून उतरल्यावर बसतो. माझ्यावर तो उशिरा बसला, कारण बारावीपर्यंत अकोला आणि इंजिनिअरिंग अमरावतीत झालं. माझे काही शाळासोबती अकरावीलाच पुण्याला गेले, त्यांच्यावर सोळाव्या वर्षी बसला. पद्धत सगळीकडे एकच. 'मले' म्हटलं की हसू येतं, मग 'ते काहून पुन्हा म्हण ना' अशी फर्माईश होते, आणि दिवाळीला घरी गेलं की 'मला' म्हणता म्हणून आजी हसते. पुण्यात गावठी, गावात पुणेकर.

हे दोन्हीकडचं हसू मानसशास्त्राच्या इतिहासात फार मोलाचं आहे. 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द आपण ब्रेकअपपासून जॉब बदलण्यापर्यंत कशालाही वापरतो. तो ज्यानं रुजवला, तोही असाच दोन्हीकडून हसला गेलेला मुलगा होता.

दोन्हीकडून परका

एरिक एरिक्सनचा जन्म १९०२ साली जर्मनीत फ्रँकफुर्टला झाला. आई डेन्मार्कच्या ज्यू घरातली, वडील कोण ते त्याला कधीच कळलं नाही. आईनं पुढे एका ज्यू बालरोगतज्ज्ञाशी लग्न केलं आणि एरिक 'होमबुर्गर' आडनावानं वाढला. उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा हा मुलगा ज्यू प्रार्थनास्थळात गेला की तिथली मुलं त्याला परका म्हणायची, आणि शाळेत गेला की जर्मन मुलं ज्यू म्हणून चिडवायची. १९३३ मध्ये तो अमेरिकेत गेला. १९३९ मध्ये नागरिकत्व घेताना त्यानं आडनाव बदलून 'एरिक्सन' केलं, म्हणजे एरिकचा मुलगा. वडिलांचं नाव मिळालं नाही, तर पठ्ठ्यानं स्वतःचंच लावलं.

१९५० च्या 'चाइल्डहूड अँड सोसायटी' या पुस्तकात त्यानं माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. त्यातला पाचवा, कुमारवयाचा, सगळ्यात गाजला. या वयात 'मी कोण' हा प्रश्न सुटला तर माणूस पुढे सरकतो, नाही सुटला तर भूमिकांच्या गोंधळात अडकतो. एरिक्सनच्या मते हा प्रश्न एकट्यानं सुटत नाही. आजूबाजूच्या समाजानं त्या मुलाला ओळखावं लागतं, आणि थोडा मोकळा वेळही द्यावा लागतो. कमावण्याची, संसाराची घाई न करता वेगवेगळं काही करून बघण्याचा हा वेळ, याला तो सवलतीचा काळ म्हणतो.

१९६६ मध्ये जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञानं यातून चार अवस्था काढल्या. काही मुलांनी शोधही घेतलेला नसतो आणि काही ठरवलेलंही नसतं. काही जण घरच्यांनी दिलेलं उत्तर तसंच स्वीकारतात. आपण ॲप उघडताना अटी न वाचता 'ॲक्सेप्ट ऑल' दाबतो, तसं. काही अजून शोधत असतात, आणि काहींनी शोधून ठरवलेलं असतं. जीन फिनी या संशोधिकेनं हीच पद्धत वांशिक ओळखीला लावली आणि १९९२ मध्ये १४ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आपल्या समूहाचा इतिहास जाणून घ्यायला तुम्ही वेळ घालवला आहे का, त्या समूहाचे असल्याचं बरं वाटतं का, अशा धर्तीची ही विधानं आहेत. १९९९ मध्ये तिनं आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५,००० हून जास्त कुमारवयीन मुलांवर ती तपासली. ज्यांची ओळख जास्त पक्की, त्यांच्यात आत्मसन्मान आणि आशावाद जास्त, एकटेपणा आणि नैराश्य कमी, असा संबंध दिसला. कशामुळे काय होतं हे एवढ्यावरून ठरत नाही, पण दोन गोष्टी सोबत चालतात हे दिसतं.

या प्रश्नावलीत एक रिकामी जागा असते: मी स्वतःला अमुक समूहाचा मानतो. अमेरिकन मुलगा तिथे कृष्णवर्णीय, मेक्सिकन, चिनी असं काही लिहितो. अकोल्याच्या मुलानं काय लिहायचं? जात, धर्म, वऱ्हाडी, विदर्भवाला की मराठी? ही रिकामी जागा वऱ्हाडात गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा भरली आणि खोडली गेली आहे. भरणारे बहुतेक वेळा दुसरेच होते.

'अशुद्ध' कधी झालो?

भाषेपासून सुरुवात करू, कारण हसू तिथूनच सुरू होतं. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात ऋद्धपूर आहे. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथे राहिले, आणि तेराव्या शतकाच्या शेवटाकडे म्हाइंभटानं चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते इथेच. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ. त्याची भाषा आजची वऱ्हाडी नाही, पण मराठी गद्य जिथे उभं राहिलं ती माती वऱ्हाडातली होती. राज्याचं मराठी भाषा विद्यापीठ आता ऋद्धपुरातच झालं आहे.

मग 'मले', 'डोया', 'करून राहिलो' हे अशुद्ध कधी ठरलं? छापील मराठीचे नियम बसले ते एकोणिसाव्या शतकात आणि मुंबई इलाख्यात. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ मध्ये, कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. शाळेची क्रमिक पुस्तकं मेजर कँडीच्या नजरेखाली पुण्यात घडली. या काळात वऱ्हाड कुठे होतं? निजामाच्या राज्यात. १८५३ मध्ये फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामानं ते कंपनीच्या हवाली केलं. म्हणजे 'शुद्ध मराठी' कुठली हे ठरत होतं त्या बैठकीला आम्ही हजरच नव्हतो. इंग्रजी अंमलात शाळा आल्या, त्या ही आधीच ठरलेली मराठी घेऊन आल्या. ग्रियर्सननं १९०५ मध्ये भाषांच्या पाहणीत वऱ्हाडीची नोंद केली, तोवर ती 'बोली' झाली होती.

राजधान्यांचीही हीच कथा. १९०० साली अकोल्यात जन्मलेला माणूस कागदोपत्री निजामाचा, प्रत्यक्षात इंग्रजांचा. १९०२ मध्ये कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडलं. प्रजासत्ताक आलं तेव्हा तोच माणूस मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मधे १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार आणि १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस करणारा फाजल अली आयोग. घर न बदलता त्याचा पत्ता इतक्यांदा बदलला.

आणि हा माणूस चौदा वर्षांचा असताना काय करत होता? बहुधा वखर धरत होता. एरिक्सनचा सवलतीचा काळ त्याच्या वाट्याला आलाच नव्हता. तो वऱ्हाडात आणला वसतिगृहांनी.

छात्रालय

पंजाबराव देशमुख हे नाव आमच्याकडे रस्त्यावर, दवाखान्यावर, अकोल्याच्या कृषी विद्यापीठावर सगळीकडे आहे. इतकं सगळीकडे की त्यामागचा मुलगा दिसेनासा होतो. १८९८ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा शिक्षणासाठी गावोगाव फिरत अमरावतीच्या हायस्कुलात पोचला, तिथून पुण्याला फर्ग्युसनमध्ये आणि तिथून इंग्लंडला. परत आला तो बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून. पुण्यात आणि परदेशात वऱ्हाडी मुलगा असणं काय असतं हे त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती.

परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केलं. १९२६ च्या डिसेंबरात खून झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचं नाव त्याला दिलं. इथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. यातला वेगळेपणा कळायला थोडं मागे जावं लागतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली ती जातवार, कारण तेव्हा मुलं एका पंगतीला बसवणं अवघड होतं आणि प्रत्येक समाजाला आपल्या मुलांची जबाबदारी घ्यायला लावायचं होतं. पुढच्या पिढीनं भिंती पाडायला घेतल्या. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींचं वसतिगृह काढलं. वऱ्हाडात तेच काम पंजाबरावांनी केलं. त्याच सुमारास, १९२७ मध्ये, अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा पेटला. त्यात पंजाबराव पुढे होते. त्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकर अमरावतीच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून आले.

खेड्यातून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून हे बघा. घरी तो अमक्याचा पोरगा, तमक्या जातीचा. छात्रालयात शेजारच्या सतरंजीवर दुसऱ्या जातीचा मुलगा झोपतो, गावात देवळाच्या दारावरून वाद चाललेला ऐकू येतो, आणि शेतात जायची वेळ चार-पाच वर्षं पुढे ढकललेली असते. घरून आलेलं उत्तर तपासून बघायला लागतं ते सगळं इथे आहे: वेगळी माणसं, प्रश्न आणि वेळ. फिनीच्या भाषेत हा 'शोध', मार्सियाच्या भाषेत शोधणाऱ्यांची अवस्था. १९३२ मध्ये पंजाबरावांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि हे चार भिंतींतलं काम जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलं. आजही आमच्याकडे 'शिवाजीत शिकलो' म्हटलं की पुढचं विचारत नाहीत.

मुलींना हा काळ फार उशिरा मिळाला. शारदा कायदा १९३० मध्ये लागू झाला तेव्हा मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं. ज्या वयात मुलगा छात्रालयात ट्रंक ठेवत होता त्या वयात बहिणीचं आडनाव बदलत होतं, आणि कित्येक घरांत नावही. ओळख शोधायची की मिळेल ती घ्यायची, हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नाही.

स्वतः भरलेली रिकामी जागा

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखो अनुयायांना दीक्षा दिली. वऱ्हाडातून नागपूर जवळ. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून घरंच्या घरं निघाली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ मध्ये २७ लाखांच्या वर गेले. आकडा मोठा आहे, पण मला त्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलाचा विचार सुचतो. आदल्या आठवड्यात गाव त्याला ज्या नावानं ओळखत होतं, ते त्याच्या आईबापांनी जाणूनबुजून खाली ठेवलं होतं. एरिक्सननं एकट्यानं आडनाव बदललं होतं, इथे अख्खा समाज स्वतःला नाव देत होता. नव्या वंदना पाठ करायच्या, घरातले जुने देव काढायचे, आणि शाळेत कुणी विचारलं तर 'आम्ही बौद्ध' हे सांगून निभवायचं. घरून मिळालेलं उत्तर स्वीकारणं आणि स्वतः शोधणं, या दोन गोष्टी त्या पिढीनं एकाच वेळी केल्या.

कागद मात्र मागे राहिला. केंद्राच्या नियमांत बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० उजाडलं. तोवर कित्येक घरांतल्या मुलांना दोन उत्तरं सांभाळावी लागली, घरातलं एक आणि फॉर्मवरचं दुसरं. ओळख पक्की असली की भेदभावाचे घाव कमी लागतात, असं काही अभ्यास सांगतात. ओळख जागी झाली की तेच घाव जास्त स्पष्ट दिसतात, असंही काही सांगतात. वऱ्हाडातल्या एखाद्या बौद्ध वस्तीतल्या आजोबांशी बोललात तर दोन्ही एकाच वाक्यात ऐकायला मिळेल.

हसणाऱ्यांची उतरंड

भाषेच्या बाबतीतही काहींनी माघार घेतली नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांनी महाराष्ट्रभर कीर्तनं केली ती वऱ्हाडीत. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, ऐकून बघा. समोर मुंबई आहे म्हणून बाबा 'मला'वर येत नाहीत. १९६० मध्ये उद्धव शेळक्यांची 'धग' आली. कौतिक नावाच्या बाईची ही गोष्ट, आणि तिच्या तोंडी वऱ्हाडी आहे ती दुःखाची, हट्टाची, संसाराची. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या पिढीला वऱ्हाडी भेटते ती टीव्हीवर आणि रीलमध्ये, विनोदाची भाषा म्हणून. भारत गणेशपुरेंमुळे ती घराघरांत पोचली, त्याचा आनंदच आहे. पण सोळाव्या वर्षी पुण्याला गेलेल्या मुलाला ती हसवायलाच वापरता येते, रडायला नाही, असं वाटू लागलं तर त्याच्या हातात अर्धीच भाषा उरते.

आता गाडी अमरावतीहून उत्तरेला, परतवाड्यावरून घाट चढून मेळघाटात नेऊ. चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांत कोरकू राहतात. 'कोर' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं, इतकंच. त्यांची भाषा मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, झारखंडकडच्या संथाली-मुंडारीची बहीण आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची. देशात ती बोलणारे सात लाखांहून जास्त आहेत. २००३ च्या घटनादुरुस्तीनं संथाली आठव्या अनुसूचीत गेली, कोरकू नाही.

कोरकू मूल सहाव्या-सातव्या वर्षी निवासी आश्रमशाळेत येतं. पुस्तक मराठीत. समोरचे गुरुजी सपाटीवरून आलेले, म्हणजे बऱ्याचदा आमच्यासारखंच बोलणारे. पुण्यात ज्या 'मले'ला हसतात, तोच 'मले' धारणीत साहेबाची भाषा होतो. आम्ही ज्या जिन्याच्या खालच्या पायरीवर आहोत असं समजतो, त्याच जिन्यावर आमच्या पायाखाली कुणीतरी उभं आहे.

इथे एरिक्सन पुन्हा आठवतो. १९३० च्या दशकाच्या शेवटाकडे तो साउथ डाकोटात सू या आदिवासी समाजाच्या वस्तीवर गेला होता. अमेरिकेनं १८७९ च्या कार्लाइल शाळेपासून आदिवासी मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवायला सुरुवात केली होती. केस कापायचे, भाषा बंद करायची, नावं बदलायची. एरिक्सन गेला तोवर ही सक्ती सैल झाली होती, तरी शिक्षकांच्या तक्रारी संपल्या नव्हत्या. त्याला दिसलं की मुलं उघड बंड करत नाहीत, आतल्या आत माघार घेतात. घरानं जे चांगलं म्हणून शिकवलं तेच शाळेत दोष ठरत होतं. मेळघाटातल्या आश्रमशाळा कार्लाइल नाहीत. त्यांनी अनेक मुलांना जेवण, वही आणि पुढची वाट दिली आहे. पण वसतिगृह ही वस्तू दुधारी आहे. पंजाबरावांच्या छात्रालयात आलेल्या कुणब्याच्या पोराला तिथे स्वतःची भाषा ऐकू येत होती, त्यामुळे शोध घेताना पायाखाली जमीन होती. कोरकू मुलाची भाषा खोलीच्या दाराशीच थांबते. दोन्ही ठिकाणी ट्रंक सारखीच, सतरंजी सारखीच.

शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा शक्य तिथवर मातृभाषेत शिकवा म्हणतो. २०२० चं शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत तेच म्हणतं. मुद्दा पहिलीच्या पुस्तकापुरता नाही. फिनीच्या प्रश्नावलीतलं ते विधान आठवा: आपल्या समूहाचा इतिहास जाणून घ्यायला वेळ घालवला आहे का. आज पंधरा वर्षांची कोरकू मुलगी हा वेळ मोबाइलवर घालवणार. 'मेळघाट' टाकल्यावर तिच्यासमोर येतं कुपोषण, बालमृत्यू, वाघ आणि मान्सून पॅकेज. बातम्या खोट्या नाहीत. पण स्वतःला शोधायला निघालेल्या मुलीला सगळीकडे आपला आजारच भेटला, तर ती त्या रिकाम्या जागेत काय लिहील?

मला ऋद्धपूर शोधता आलं, मोल्सवर्थ सापडला, गाडगेबाबांचा आवाज कानात ऐकता आला. सगळं मराठीत, फोनवर, बसल्या जागी. हे साहित्य कुणीतरी जमवलं, छापलं, चढवलं म्हणून 'मले'ची लाज गेली. कोरकूतली गाणी, म्हाताऱ्यांच्या गोष्टी, झाडांची आणि नात्यांची नावं अजून बहुतेक माणसांच्या तोंडातच आहेत, आणि रेकॉर्डर धारणीतल्या पोरांच्याही खिशात आहे. परतवाड्यापासून घाट फार लांब नाही. वऱ्हाडातल्या आम्हा शिकलेल्यांनी आपल्याला कोण हसलं याचा हिशेब खूप केला. आता वर चढून, ऐकायच्या तयारीनं, एवढंच विचारायचं आहे की 'माणसं' या शब्दाला तुमच्याकडे काय म्हणतात.